तोंडी हिशोब शिकायचाय? पावकीपासून सुरुवात करा

इंदूरमध्ये वाढलेल्या आपल्या मराठी मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. शाळा इंग्रजी, बाजार हिंदी आणि घर मराठी, अशा तीन भाषांत तुम्ही सहज वावरता. गणितात मार्कही चांगले असतात. तरी मारोठिया बाजारात दुकानदार 'पौने दो सौ हुए' म्हणाला की हात आधी फोनकडे जातो, कारण तोंडी हिशोब करायची वेळ तुमच्यावर येतच नाही. क्यूआर कोड स्कॅन केला, आकडा टाकला, काउंटरवरच्या डब्याने रक्कम मोठ्याने सांगितली, झाला व्यवहार. यूपीआय २०१६ साली आलं. तेव्हा पहिलीत असलेली मुलं आता कॉलेजच्या दाराशी आली आहेत आणि त्यांतल्या कित्येकांनी परत मिळालेले सुट्टे कधी मोजून घेतलेले नाहीत.

'फोनमध्ये कॅल्क्युलेटर आहे, मग कशाला?' हा प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचं उत्तर आधी देते. दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा गुणाकारात चुकत नाही. चूक होते ती त्यात भाव टाकताना. समजा आधीच्या गिऱ्हाइकाने चिकू घेतले, त्यांचा ९० रुपये किलोचा भाव काट्यावर तसाच राहिला आणि तुमचे ४० रुपये किलोचे दीड किलो टोमॅटो त्यावरच तोलले. काटा १३५ दाखवेल आणि त्याचा गुणाकार अगदी बरोबर असेल. पण चाळीस आणि वीस साठ, हे ज्याच्या डोक्यात आधीच तयार आहे, तो १३५ बघून तिथेच थांबतो. कॅल्क्युलेटरही तुम्ही द्याल तेवढ्याच आकड्यांचं उत्तर देतो. उत्तर साधारण किती यायला हवं, हे आधीपासून ठाऊक असणं, एवढंच आपल्याला शिकायचं आहे. त्यासाठी आपल्या आजी-आजोबांकडे जी सामग्री होती, म्हणजे पावकी-निमकीसारखे पाव-अर्ध्याचे पाढे, ती आजच्या बाजाराला शाळेतल्या पाढ्यांपेक्षा जास्त उपयोगी पडते, असं माझं ठाम मत आहे.

आधी आकडे कानाला ओळखीचे करा

पुष्कळ जण इथेच अडतात आणि दोष गणिताला देतात. ठेलेवाला 'उनासी' म्हणाला की एकोणसत्तर की एकोणऐंशी, असा गोंधळ होतो आणि मग 'सेव्हंटी नाइन ना?' असं विचारावं लागतं. आकडा ऐकताक्षणी समजला नाही तर पुढचा हिशोब सुरूच होत नाही. म्हणून पहिला आठवडा फक्त आकड्यांना द्या. घरातल्या कुणालाही मधूनमधून, उलटसुलट आकडे मराठीत आणि हिंदीत म्हणायला सांगा आणि तुम्ही ते नुसते लिहा. एकोणतीस, अडुसष्ट, त्र्याऐंशी, सत्त्याण्णव. साठच्या पुढचे जास्त घ्या, कारण चुका तिथेच होतात.

एकोणपन्नास म्हणजे पन्नासला एक कमी, हे ऐकतानाच लक्षात घ्यायची सवय लावा. पुढे तेच कामाला येतं. ४९ रुपयांच्या सहा वह्या घेतल्या तर सहा पन्नास तीनशे, त्यातून सहा वजा, २९४.

पाव, अर्धा, पाऊण घड्याळावर शिका

फोनवर ५:४५ दिसतं, म्हणून तोंडातही 'पाच पंचेचाळीस' येतं. ते चुकीचं नाही. पण पावणेसहा म्हणायची सवय लावली की दिवसातून अनेकदा पाव आणि पाऊणची उजळणी फुकटात होते. सव्वाचार, साडेचार, पावणेपाच. घरात भिंतीवर काट्यांचं घड्याळ असेल तर फारच बरं, तासाचे चार तुकडे डोळ्यांना दिसतात. मग तीच मोजणी शंभरावर न्या: सव्वाशे १२५, दीडशे १५०, पावणेदोनशे १७५, सव्वादोनशे २२५, अडीचशे २५०, पावणेतीनशे २७५. बाजारात पैसे याच भाषेत सांगितले जातात. 'पौने दो सौ' ऐकल्यावर १७५ डोळ्यांसमोर आले की ही पायरी झाली.

पावकी आणि निमकी

आता मुख्य काम. जुन्या मराठी शाळेत बे ते तीसचे पाढे पाठ झाले की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी यायची. अनुक्रमे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि साडेतीन यांचे हे पाढे. म्हणायची चाल घराघरात थोडी वेगळी असते. सुरुवातीला साधं असं म्हणा: एक पाव पाव, दोन पाव अर्धा, तीन पाव पाऊण, चार पाव एक, पाच पाव सव्वा, सहा पाव दीड, सात पाव पावणेदोन, आठ पाव दोन. मोठ्याने म्हणा, मनातल्या मनात नको. तोंडाला वळण पडलं की आठवायला जोर लावावा लागत नाही.

पण नुसतं घोकून बाजारात चालत नाही. कुठल्याही आकड्याची पाव काढायची म्हणजे त्याच्या निम्म्याचं निम्मं. सेव २८० रुपये किलो आहे आणि पाव किलो हवी. २८०चे निम्मे १४०, त्याचे निम्मे ७०. भाव ३४० असेल तर १७०, ८५. भाव ९० असेल तर ४५ आणि मग साडेबावीस. इथे पहिल्यांदा अर्धा रुपया आला की मुलं बिचकतात. बिचकू नका, साडेबावीस म्हणा आणि पुढे चला. दुकानदार तेवीस घेईल किंवा बावीस, पण तुमचा आकडा पक्का हवा.

तुम्हाला वजनं लावलेला जुना तराजू कुठे बघायला मिळाला तर नीट निरखा. ५०, १००, २००, ५०० ग्रॅमची वजनं असतात, २५०चं वेगळं नसतं. पाव किलो तोलायला २०० आणि ५० अशी दोन ठेवतात. ठेल्यावर तीन पाव मागितलं की ५००, २०० आणि ५०. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की तीन पाव म्हणजे किती, हे पुन्हा विचारावं लागत नाही.

एका भावाची शिडी

पाव हाताशी आली की बाकीचं त्यातूनच निघतं, म्हणून मी मुलांना सहा पाढे वेगवेगळे पाठ करायला लावत नाही. २८०चीच गोष्ट घ्या. पाव ७०. पाऊण किलो म्हणजे पूर्ण वजा पाव, २१०. सव्वा किलो म्हणजे पूर्ण अधिक पाव, ३५०. दीड म्हणजे पूर्ण अधिक अर्धा, ४२०. पावणेदोन म्हणजे दोन किलोचे ५६०, त्यातून ७० गेले, ४९०. फक्त ७० सापडले की सगळं सापडलं.

रोज एक भाव निवडा आणि त्याची अशी शिडी तोंडाने म्हणा. १२०ची शिडी: तीस, साठ, नव्वद, एकशेवीस, दीडशे, एकशेऐंशी, दोनशेदहा, दोनशेचाळीस. दुसऱ्या दिवशी १६०, मग ८४, मग ५०. दात घासताना, सिटी बसची वाट बघताना, कुठेही. कागद घेऊ नका. शीतलामाता बाजारात कापड घ्याल तेव्हा हीच शिडी मीटरला लागते: १६० रुपये मीटरचं सव्वादोन मीटर म्हणजे ३२० आणि ४०, ३६०. कापडाला जोडून आणखी एक करा. तुमची वीत टेपने एकदा मोजून ठेवा. साधारण नऊ इंचांच्या आसपास भरते, पण प्रत्येकाची वेगळी, म्हणून स्वतःचीच मोजायची. टेबलाच्या मापाचा कव्हरपीस ऑनलाइन मागवण्याआधी वितीने अंदाज घेतला तर परत पाठवण्याची पाळी येत नाही.

अडीचकी

हा माझा सगळ्यांत आवडता पाढा, म्हणून इथे जरा थांबते.

१ एप्रिल १९५७ पूर्वी रुपयाचे १६ आणे होते आणि आण्याचे ४ पैसे, म्हणजे रुपयाला ६४ पैसे. दोन आण्यांची चवली, चार आण्यांची पावली, आठ आण्यांची अधेली. मणाचे ४० शेर आणि शेराचे १६ छटाक. सगळी मोडणी निम्म्या-पाव्याची, म्हणून पावकीत हिशोब कुठेच अडत नसे. आणि शेराला एक आणा भाव असेल तर मणाला ४० आणे, म्हणजे बरोबर अडीच रुपये. शेराच्या भावावरून मणाचा आणि मणावरून शेराचा भाव काढायला व्यापाऱ्याला दिवसभर अडीचकी लागायची. सियागंजच्या घाऊक बाजारात बसणाऱ्याचं तिच्यावाचून पानही हललं नसतं. १९५७ला नवे पैसे आले, १९५८पासून टप्प्याटप्प्याने किलो-ग्रॅम आले आणि पुढे हे पाढे शाळांतून मागे पडत गेले.

पण आज किराण्याच्या पाकिटांवर काय छापलेलं असतं ते बघा. ४०० ग्रॅम. ८०० ग्रॅम. अर्धा किलो, एक किलो असं सरळ माप देण्याऐवजी मध्येच कुठेतरी. दोन पाकिटांत स्वस्त कोणतं, हे पटकन कळत नाही. ४०० ग्रॅमच्या किमतीला अडीचने गुणलं की किलोचा भाव मिळतो. ८०० ग्रॅमच्या किमतीला सव्वाने. समजा लहान पाकीट ९२ रुपयांना आहे: ९२ दुणे १८४ आणि वर निम्मे ४६, २३० रुपये किलो पडलं. मोठं पाकीट १७६ रुपयांना आहे: १७६ची पाव ४४, २२० रुपये किलो. शेजारी सुटा माल २१० रुपये किलोने मिळत असेल तर निवड तुमच्या हातात आली. मणाशेरासाठी केलेला पाढा सुपरमार्केटच्या रॅकसमोर तंतोतंत लागू पडतो, आणि हे दाखवलं की मुलांचे चेहरे खुलतात.

अडीचकीची आणखी एक सोपी वाट आहे: शून्य लावा आणि पाव काढा. ४४ला शून्य लावलं ४४०, त्याची पाव ११०. आकडा चारने नि:शेष जात असेल तेव्हा ही वाट घ्या, नाहीतर दुप्पट अधिक निम्मे.

औटकी: सोन्याला आणि क्रेडिट कार्डाला

साडेतीनचा पाढा फारसा कुणाला येत नाही. पूर्ण पाठ करायची गरजही नाही. तिप्पट करा आणि निम्मे मिळवा. पण दोन ठिकाणी तो मोठा उपयोगी आहे.

एक, सराफा. रात्री भुट्ट्याचा कीस खायला सगळेच जातात. दिवसा सोनं घ्यायला घरच्यांबरोबर जाल तेव्हा बिल छापून यायच्या आत मनात आकडा मांडा. समजा २४ कॅरेटचा भाव दहा ग्रॅमला १,२०,००० आहे. २२ कॅरेट म्हणजे २४तले २२, म्हणजे बाराव्या भागाने कमी. १,२०,०००चा बारावा भाग १०,०००, म्हणजे २२ कॅरेटचा भाव १,१०,००० आणि एका ग्रॅमचे ११,०००. साडेतीन ग्रॅमची वस्तू असेल तर तेहतीस आणि साडेपाच, साडेअडतीस हजार. घडणावळ दहा टक्के धरली तर ३,८५० वर, ४२,३५० झाले. त्यावर ३ टक्के जीएसटी साधारण पावणेतेराशे. बिल ४३,६००च्या आगेमागे यायला हवं. ४६,००० आलं तर प्रश्न विचारा: घडणावळ किती धरली, खड्याचं वजन सोन्यात मोजलं का? आणि कुणी तोळ्याचा भाव सांगितला तर आधी तोळा किती ग्रॅमचा ते विचारा. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, पण बोलताना पुष्कळ जण दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतात.

दुसरं, उधारी. अनेक क्रेडिट कार्डांवर थकलेल्या रकमेला महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं. साडेतीन ऐकायला किरकोळ वाटतात. बारा औट बेचाळीस. वर्षाला ४२ टक्के, आणि व्याजावर व्याज चढत गेलं तर ५१च्या घरात. जुनी माणसं 'शेकडा दोन'ने पैसे दिले म्हणत, म्हणजे महिन्याला शंभराला दोन, वर्षाला २४. फोनवर दोन मिनिटांत कर्ज देणारं ॲप महिन्याचा दर दाखवत असेल तर आधी बाराने गुणा, मग पुढचं बटण.

बेरीज आणि सुट्टे

आमच्या गल्लीत भाजीचा ठेला घेऊन येणाऱ्या बाईंकडे बघत उभं राहिलं की बेरीज शिकता येते. अर्धा किलो बटाटे ३०च्या भावाने पिशवीत पडले की त्या म्हणतात 'पंद्रह'. पाव किलो भेंडी ६०च्या भावाची पडली, 'तीस'. तीन पाव गिलकी ४०ची, 'साठ'. कोथिंबिरीचे दहा, 'सत्तर'. प्रत्येक जिनसाचे पैसे वेगळे लक्षात ठेवून शेवटी बेरीज करायची, असं त्या करत नाहीत. एकच आकडा हातात आणि तो वाढत जातो. तुम्हीही भाजी घेताना त्यांच्याबरोबर हळू आवाजात म्हणा.

मोठी बेरीज डावीकडून करा. शाळेत एककापासून सुरू करायला शिकवतात ते कागदासाठी. १८७ आणि २४६: आधी ३८७, मग ४२७, मग ४३३. मध्येच थांबलात तरी अंदाज हाताशी राहतो.

सुट्ट्यांसाठी वजाबाकी करूच नका, भर घालत जा. बिल १७३, नोट पाचशेची. १७३ला दोन घातले १७५, पंचवीस घातले २००, तीनशे घातले ५००. परत मिळायचे ३२७. महिनाभर तरी घरची किरकोळ खरेदी रोख पैशांनी करा, असा माझा आग्रह आहे. नोट देऊन सुट्टे हातात मोजून घेतल्याशिवाय हे अंगवळणी पडत नाही.

टक्के

थोडक्यात. दहा टक्के आधी, मग त्यातून बाकीचे. पाच टक्के म्हणजे दहाचे निम्मे. अठरा टक्के म्हणजे वीस टक्के काढून त्याचा दहावा भाग वजा: ८५०चे वीस टक्के १७०, वजा १७, १५३. ऑनलाइन सेलमध्ये '४० टक्के सूट, वर आणखी २० टक्के' दिसलं की साठ टक्के समजू नका. शंभराचे साठ राहिले, साठाचे वीस टक्के बारा, उरले ४८. सूट बावन्न टक्क्यांचीच.

सराव कसा ठेवायचा

नियम एकच: आधी तोंडाने आकडा, मग फोन. कॅल्क्युलेटर बंद करायचा नाही, त्याच्याकडून आपला आकडा तपासून घ्यायचा. उत्तर पाच-दहा रुपयांनी हुकलं तर बाजारासाठी ते पुरेसं आहे. शंभराने हुकलं तर कुठे घसरलो ते लगेच शोधायचं. दिवसाला दहा मिनिटं द्या, त्याहून जास्त नकोत, कंटाळा येतो. आकड्यांची नावं, शिडी, सुट्टे या क्रमाने चला. अडीचकी आणि औटकीची घाई करू नका. हे पाढे छापलेलं छोटं पुस्तक, म्हणजे अंकलिपी, इंदुरात सहज मिळाली नाही तर पुण्या-नाशिकहून येणाऱ्या पाहुण्यांना आणायला सांगा, तिची किंमत फारशी नसते.

आणि रामबागेत, लोकमान्य नगरात, सुदामा नगरात कुणाच्या घरी ऐंशीच्या पुढचे आजी-आजोबा असतील तर त्यांच्याकडे जा. 'पाढे येतात का?' असं विचारलं तर ते 'विसरलो आता' म्हणून मोकळे होतात. त्याऐवजी 'आजोबा, सात अडीचे किती?' असं विचारा. साडेसतरा हे उत्तर बहुतेक वेळा प्रश्न संपायच्या आत येतं आणि मग पुढचा पाढा त्यांचा तेच म्हणू लागतात. तेव्हा फोन बाहेर काढा आणि त्यांची परवानगी घेऊन आवाज रेकॉर्ड करा. हळू म्हणा, असं सांगू नका, चाल मोडली की त्यांनाही पुढचं आठवत नाही. प्रत्येक पाढ्याचं रेकॉर्डिंग वेगळं करा आणि त्याला लगेच नाव द्या. सलग अर्ध्या तासाचं केलं तर त्यात अडीचकी नेमकी कुठे आहे, हे पुढे शोधत बसावं लागतं.